आवाज कधी गेला

बायकोचा आवाज गेलाय, हे फिटरला त्याच्या मेव्हणीने सांगितलं. फिटरला ते खरं वाटलं नाही, कारण बायको सकाळपासून त्याच्याशी बोलत होती.

मेव्हणी म्हणजे बायकोची थोरली बहीण. सगळे तिला अक्का म्हणत, फिटरही म्हणायचा. गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे ती बरेच महिने घराबाहेर पडली नव्हती. त्या दिवशी काठी टेकत आली, स्वयंपाकघरात बहिणीपाशी बसली आणि थोड्याच वेळात काठी तिथेच विसरून बाहेर आली. फिटर खिडकीपाशी पंखा उघडून बसला होता.

"भावोजी, हिचा आवाज कधी गेला?"

"कुणाचा?"

"माझ्या बहिणीचा. तुमच्या बायकोचा. आणखी कुणी आहे का?"

फिटर हसला. "काहीतरीच काय, अक्का. सकाळपासून तोंडाचा पट्टा सुरू आहे तिचा. पंखा उघडू नका, उघडलात तर चार दिवस जोडणार नाही. दूध नासलं. शेजारच्याने गाडी पुन्हा आपल्या दारात लावली. डोकं उठवलंय नुसतं."

"हे सगळं ती बोलली?"

"मग काय भिंत बोलली?"

अक्काने त्याच्या हातातला स्क्रू-ड्रायव्हर काढून घेतला. "उठा. भिंतीकडे तोंड करून उभे राहा."

"कशाला?"

"राहा म्हणते ना."

अक्काशी वाद घालण्यात अर्थ नसतो, हे फिटरला लग्नाच्या दिवसापासून ठाऊक होतं. तो भिंतीवरच्या कॅलेंडरकडे तोंड करून उभा राहिला. बायको स्वयंपाकघरातून आली असावी, कारण फरशीवर पावलं जाणवली.

"भावोजी, तुमच्या शर्टाला मागे भोक पडलंय," अक्का म्हणाली.

फिटरचा हात आपोआप पाठीवर गेला.

"बघा. माझं ऐकू आलं ना? भोक नाही पडलं. आता गप्प उभे राहा." मग बराच वेळ काहीच झालं नाही. फिटर कॅलेंडरवरचे आकडे वाचत राहिला.

"बोलली का ती?" त्याने विचारलं.

"दोनदा बोलली."

फिटर वळला. बायको समोरच उभी होती, हात ओला, कपाळाला आठी. तिचे ओठ हलले आणि त्याला लख्ख कळलं: "हिला वेड लागलंय. चहा गार होतोय."

"हे आत्ता तू आवाज काढून बोललीस?" त्याने विचारलं.

तिने ओला हात पदराला पुसला. फिटर पुढे झाला आणि त्याने आपला त्यातल्या त्यात बरा कान तिच्या तोंडाजवळ नेला. "बोल."

ती काहीतरी म्हणाली. सायकलच्या ट्यूबमधून हवा सुटावी तसं काहीतरी त्याच्या कानाला लागलं. त्यात शब्द नव्हता.

हे असं कसं झालं, ते सांगायचं तर कारखान्याचं सांगायला हवं. फिटर आणि त्याची बायको दोघंही कापडाच्या कारखान्यात मागाच्या शेडमध्ये अर्धं आयुष्य काढलेली. तो माग दुरुस्त करायचा, ती मागाला लागणाऱ्या दोऱ्याच्या कांड्या भरायची. शेडमध्ये सगळे माग एकदम धडधडत असले की शेजारच्या माणसाच्या कानात ओरडलं तरी त्याला कळत नाही. म्हणून तिथे कुणी ओरडतच नाही. ओठ मोठे हलवायचे, शब्द तोंडात नीट घडवायचा, आवाज मात्र काढायचा नाही. समोरचा तो शब्द डोळ्यांनी उचलतो. शेडच्या या टोकाचं माणूस त्या टोकाच्या माणसाला असं चिडवू शकतं, आणि मधल्या कुणाला पत्ता लागत नाही. फिटरने तिला लग्नाचं विचारलं तेही असंच, दोन मागांच्या पलीकडून. तिने कांड्यांची टोपली खाली ठेवली आणि ओठांनीच म्हणाली, "आधी तो माग चालू करा. मुकादम बघतोय."

शेडमध्ये राहून फिटरचे कान मंदावले. मग घरीही दोघं तशीच बोलू लागली. आवाज लावून बोलायचे कष्ट कशाला? त्यांची भांडणं इतकी शांत चालायची की भांडी आपटली तरच शेजाऱ्यांना कळायचं. त्यांची एकुलती लेक लहानपणी वैतागायची. "तुम्ही दोघं काचेच्या आत बसल्यासारखे बोलता," म्हणायची. तिला त्यातलं 'नको', 'झोपली का' आणि 'आत्ता नाही, उद्या' एवढंच वाचता यायचं, कारण ते तिच्याबद्दल असायचं.

पण बाहेर? बाहेर बायकोचा आवाज असा खणखणीत होता की वस्तीत तिला भोंगा म्हणत. कारखान्याचा खरा भोंगा बंद पडला तेव्हा लोक म्हणाले, काळजी नाही, एक आहे अजून. शेडमधून निघाल्यावर ती कारखान्याच्या पाळणाघरात लागली. तिथे तिचा आवाज कामाला आला. एका हाकेत सगळी पोरं गोळा.

तर असा तो आवाज गेला, आणि ज्याच्याशी ती दिवसभर बोलायची त्यालाच ते कळलं नाही. वस्तीत ज्याने ऐकलं तो आधी हसला. हसून झाल्यावर फिटरकडे जरा वेगळंच बघू लागला.

"कधीपासून?" फिटरने त्या दुपारी तिला विचारलं.

"घसा बसलाय. बसतो कधीकधी."

"पण कधीपासून?"

"मी काय डायरी लिहिते घशाची?" ती म्हणाली आणि पाठ करून कपबशा विसळू लागली. पाठ केली की संभाषण संपलं. त्यांच्या घरात हा नियमच होता.

अक्काने घसा दाखवायचा हट्टच धरला. बायको म्हणाली, मिठाच्या पाण्याने गुळण्या केल्या की झालं. अक्का म्हणाली, गुळण्या करून आवाज आला असता तर गुळणी करणारा प्रत्येक जण गवई झाला असता. शेवटी तिघंही निघाली. कान-नाक-घशाची डॉक्टर एक तरुण बाई होती, केस मागे घट्ट बांधलेले, बोलणं भराभर.

"काय त्रास होतोय?"

बायकोने फिटरकडे पाहिलं आणि ओठ हलवले.

"सर्दी झाली होती, त्यात घसा बसला, म्हणते," फिटर म्हणाला.

डॉक्टरने एकदा त्याच्याकडे, एकदा तिच्याकडे पाहिलं. "हे तुम्ही सांगताय की त्या सांगताहेत?"

"तीच सांगतेय. मी फक्त आवाज लावतोय."

बायको पुन्हा काहीतरी म्हणाली. फिटरला हसू फुटलं आणि त्याने ते खोकल्यात दडवलं.

"आता काय म्हणाल्या?"

"तुम्ही फार हुशार दिसता, म्हणाली." ती म्हणाली होती, हिच्या आईला माहीत आहे का ही शाळा बुडवून इथे बसते ते.

डॉक्टरने प्रश्न सुरू केले. रोज खूप बोलावं लागतं का, मोठ्याने? पाळणाघर, फिटरने सांगितलं. धुळीत काम केलंय? कापसाच्या तुसात, अर्धं आयुष्य. त्या सिगारेट ओढतात का? नाही. घरात कुणी ओढतं? फिटरचा हात वरच्या खिशावर गेला. मी ओढायचो, म्हणाला, आता सोडली. किती वर्षं ओढलीत? बरीच. जेवण झाल्यावर छातीत जळजळ? होते. आंबट पाणी घशाशी येतं? येतं. पाणी किती पितात? चहाच पिते. गळ्याची कधी शस्त्रक्रिया? इथे गाठ होती, थायरॉइडची, लेकीच्या लग्नाआधी काढली. आवाज तेव्हा बदलला होता का? फिटरने बायकोकडे पाहिलं. तिने मान हलवली: तेव्हा ठीक होता. मनावर काही ताण? यावर अक्काच बोलली, "यांच्याबरोबर संसार केलाय तिने, डॉक्टर."

फिटर गोंधळला होता. माग बंद पडला की तो कधी असं विचारत नसे. दोरा तुटला असेल, नाहीतर आडवा दोरा नेणारा धोटा अडकला असेल, नाहीतर पट्टा सुटला असेल. पण यातलं एकच. एक सापडलं की बाकीचं सोडून द्यायचं. इथे डॉक्टर विचारील त्याला 'हो' म्हणावं लागत होतं.

"यातलं कशाने झालं?" त्याने विचारलं.

"यातल्या कशानेही होऊ शकतं. कधी दोन-तीन गोष्टी मिळूनही होतं. ओरडून घशातल्या आवाजाच्या पडद्यांवर घट्टे पडतात, आम्लाने सूज येते, धुराने तर बरंच काही होतं. कधी साध्या सर्दीनंतर नस लुळी पडते आणि आपोआप सुधारते. कधी काहीच दिसत नाही आणि आवाज नसतो. बघितल्याशिवाय सांगता येणार नाही."

"पण पहिलं कारण कुठलं?"

"पहिलं म्हणजे?"

फिटरने तुटलेला दोरा दाखवावा तशी हवेत चिमूट धरली.

"पाणी पिताना ठसका लागतो?" डॉक्टरने विचारलं.

बायकोचे ओठ चटकन हलले. "नाही म्हणा."

शेडमधला एक नियम होता. लांबून कुणी निरोप दिला की जसाच्या तसा पुढे द्यायचा, आपल्या पदरचं काही घालायचं नाही. घातलं की या मागाचा बिघाड त्या मागाला चिकटायचा. फिटरने तो नियम कधी मोडला नव्हता. पण तिला ठसका लागताना त्याने पाहिलं होतं, रोज सकाळी चहाच्या वेळी. चहा गरम असेल, एवढंच त्याला वाटलं होतं.

"हो," तो म्हणाला, "लागतो."

बायकोने त्याच्याकडे असं पाहिलं की जणू त्याने भर बाजारात तिचा हात सोडला.

डॉक्टरने तिच्या नाकातून एक बारीक नळी आत घातली. नळीच्या टोकाला दिवा होता आणि समोरच्या स्क्रीनवर आतलं सगळं दिसत होतं. फिटरने कितीतरी यंत्रं उघडून पाहिली होती, पण हे असं पहिल्यांदाच. ओल्या गुलाबी भिंती, आणि मध्ये दोन पांढऱ्या पट्ट्या, समोरासमोर.

"ई म्हणा," डॉक्टर म्हणाली.

उजवी पट्टी मध्यापर्यंत आली. डावी जागची हलली नाही. मधे फट राहिली आणि त्या फटीतून वारा गेला.

"पुन्हा."

पुन्हा तेच. अक्का स्क्रीनकडे न बघता बहिणीचा हात धरून बसली होती.

नळी काढल्यावर डॉक्टरचं बोलणं जरा सावकाश झालं. "डावा पडदा हलत नाही. पडदा चांगला आहे, घट्टा नाही, सूज नाही. त्याला हलवणारी नस काम करत नाही."

"म्हणजे घशात बिघाड नाही," फिटर म्हणाला. "वायर मागे कुठेतरी गेलीय."

"तसंच. ही नस थेट घशात येत नाही. मानेतून खाली छातीत उतरते, वळते आणि परत वर येते. त्या वाटेवर कुठे दाब आलाय ते पाहायला हवं. मानेचा आणि छातीचा स्कॅन करू." तिने काहीतरी लिहिलं आणि न बघताच विचारलं, "आवाज बदलून किती दिवस झाले? नीट आठवून सांगा. तीन-चार आठवड्यांवर गेलं की दाखवायचंच असतं."

फिटरने बायकोकडे पाहिलं. या खेपेला तिचे ओठ हललेच नाहीत.

स्कॅनमध्ये गाठ निघाली, छातीत डाव्या बाजूला, नस जिथे वळते बरोबर तिथे. त्यांना दुसऱ्या मोठ्या डॉक्टरकडे पाठवलं, त्याने एक तुकडा काढून तपासायला दिला, आणि मग ज्या शब्दाची सगळ्यांना भीती होती तोच शब्द आला. फिटरने त्याही डॉक्टरला विचारलं. माझ्या सिगारेटीमुळे का? असेलही, तो म्हणाला. कापसाच्या धुळीमुळे? तेही नाकारता येत नाही. न ओढणाऱ्या बायकांनाही होतं, कशाचाच हात नसताना. पाळणाघरात ओरडून? नाही, त्याचा संबंध नाही. घशाच्या त्या जुन्या शस्त्रक्रियेचा? नाही. फिटरला वाटलं, दोन गोष्टी तरी वगळल्या. पण उरलेल्यांतली कुठली, ते कुणी सांगेना.

लेक आली. ती दुसऱ्या शहरात नोकरीला होती, सुटी काढून आली. आईपाशी बसली, रडली, मग उठून बापापाशी आली आणि त्याच्या समोर उभी राहून, तोंड स्पष्ट हलवत, जोरात म्हणाली, "बाबा, तुम्हाला कळलं कसं नाही?"

"ती बोलत होती माझ्याशी."

"पण आवाज नव्हता."

"माझ्याशी बोलताना तो कधीच नव्हता."

"आणि मी फोन केला की उचलायची नाही, मेसेज करायची. मला वाटायचं, शिकली बिचारी मेसेज करायला, कौतुक केलं मी तिचं." लेक थांबली. "डॉक्टर म्हणतात, आवाज बदलला तेव्हाच आणलं असतं तर कदाचित काही वेगळं करता आलं असतं. कधी बदलला, बाबा?"

ते शोधून काढायचंच, असं फिटरने ठरवलं. एवढं तरी आपल्याला सापडलं पाहिजे. फार जुनं नसेल तर लेकीसमोर मान वर करून उभं राहता येईल. जुनं असेल तर जे असेल ते असो, पण कळू दे.

कोपऱ्यावरच्या दुकानदाराला त्याने पहिल्यांदा विचारलं. दुकानदार तराजू पुसत होता.

"भोंगाबाई? हल्ली बोटानेच दाखवायच्या काय हवं ते. मला वाटलं माझ्यावर रागावल्यात. गेल्या खेपेला साबणात गडबड झाली होती."

"कधीची गोष्ट?"

"दुकानाला रंग दिला त्याच्या आधीची. की नंतरची? रंगाच्या वासाने मलाच खोकला होता, तेव्हा कुणाचा आवाज कसा होता, कोण बघतंय."

शेजारच्या गाडीवाल्याने छातीवर हात ठेवून सांगितलं की परवापरवापर्यंत त्या आपल्यावर ओरडत होत्या, गाडी काढ म्हणून. "अख्ख्या गल्लीने ऐकलंय." मग त्याची बायको आतून म्हणाली, "ओरडायला अक्का आल्या होत्या, त्या नव्हेत. त्यांनी फक्त गाडीला लाथ मारली."

अक्का म्हणाली, "माझ्या ऑपरेशनच्या आदल्या दिवशी फोनवर बोलली होती. जरा घोगरा होता. मी म्हटलं, रडतेस काय गं, गुडघाच आहे. ती म्हणाली, रडत नाहीये. मला वाटलं, लपवतेय."

"म्हणजे तेव्हापासून?"

"मला काय माहीत? रडत असेलही."

पाळणाघरात तिच्या जागी एक नवी बाई होती, अंगावर दोन पोरं, तिसरं पायाला लोंबकळलेलं. तिला फिटरने नीट समजावून विचारलं.

"आवाज? बाईंचा आवाज मी ऐकलाच नाही," ती म्हणाली. "मी हाताखाली आले तेव्हा त्या शिट्टी वाजवायच्या. एक शिट्टी म्हणजे या, दोन म्हणजे हात धुवा, लांब वाजली तर झोपा. मला वाटलं, इथली पद्धतच आहे. पोरांना फार आवडायची."

"तू कधी आलीस इथे?"

तिने सांगितलं. फिटर तिथेच पोरांच्या बुटक्या बाकावर बसला. ते अक्काच्या ऑपरेशनच्या कितीतरी आधीचं होतं. शिट्टी त्याने पाहिली होती, घरी खुंटीला लटकलेली. कुणा पोराची राहिली असेल, एवढंच त्याला वाटलं होतं. पण अक्का म्हणते त्याप्रमाणे त्यानंतरही ती फोनवर बोलली होती. मग आवाज गेला, आला आणि पुन्हा गेला? की शिट्टी फक्त घसा वाचवायला होती? दोन साक्षी जुळत नव्हत्या आणि खोटं कुणीच बोलत नव्हतं.

हे सगळं ज्याला एका वाक्यात सांगता आलं असतं असं माणूस एकच होतं, आणि ते दवाखान्यात पडून होतं. औषधं सुरू होती, पण अंगी लागत नव्हती. ती वाळत चालली होती. थट्टा मात्र करायची. नर्सच्या चपला, शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीचा नवरा, कुणालाच सोडायची नाही. नर्सला वाटायचं, बाई शांत आहे फार. फिटर हसायचा तेव्हा नर्स चमकून बघायची.

एके दुपारी लेक खाटेच्या पलीकडे खुर्चीवर बसली होती. फिटरने खुर्ची पुढे ओढली आणि आवाज न काढता, पूर्वी शेडमध्ये विचारायचा तसं, बायकोला विचारलं, "मला का नाही सांगितलंस?"

ती सावकाश, शब्द नीट घडवत म्हणाली, "बाहेर बोलायला गेले की लोक तोंडाकडे बघायचे. घरी आले की तुमच्याशी बोलायचे आणि आवाज गेलाय हे आठवायचंच नाही. सांगितलं असतं तर तुम्ही माझं बोलणं सोडून घसा बघत बसला असता." जरा दम घेतला. "तो पंखा उघडलात तसा."

फिटरला प्रत्येक शब्द कळला. त्याला आणखी विचारायचं होतं, किती दिवस असं चाललं होतं ते. पण ती दमली होती. तिने मान जराशी वळवली आणि म्हणाली, "उशी बदला. ही बोचते."

"काय म्हणाली?" लेकीने विचारलं. ती दोघांच्या तोंडांकडे आळीपाळीने बघत होती, लहानपणी बघायची तशी.

"उशी बदल म्हणाली," फिटर म्हणाला.

लेकीने उठून उशी बदलली. आईच्या डोक्याखाली हात घालून, फार जपून.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी बायको गेली. सगळं आटोपल्यावर लेक काही दिवस राहिली, कपाटं आवरायला. फिटर तिला मदत करत होता, म्हणजे ती जे बाहेर काढून ठेवायची ते तो पुन्हा आत ठेवत होता. तिने दोन-तीनदा पाहिलं आणि पुढच्या कपाटाकडे वळली.

त्याचं डोकं बायकोच्या दवाखान्यातल्या त्या बोलण्यापाशीच अडकलं होतं. तो ते उलटंसुलटं करून बघायचा. एका बाजूने बघितलं की वाटायचं, हे तिने आपलं कौतुक केलं. जगात एक माणूस असं होतं की ज्याच्यापाशी तिचं काही गेलं नव्हतं, आणि ते माणूस आपण. दुसऱ्या बाजूने बघितलं की वाटायचं, हे गाऱ्हाणं आहे. दुसरा कुणी नवरा असता, चांगल्या कानांचा, तर त्याला पहिल्याच दिवशी कळलं असतं. त्याने घसा बघितला असता, आणि बघायलाच तर हवा होता. ती हे बोलली तेव्हा हसत होती का? ओठ तर बोलण्यात गुंतले होते. डोळे बघायचे राहिले. उभा जन्म तो तिच्या ओठांकडे बघत आला होता.

आणि तो पंखा. पंख्याचं ती का बोलली? पंखा तर त्याने दुसऱ्याच दिवशी जोडला होता. जरा आवाज करतो, पण चालतो.

निघायच्या आदल्या दिवशी लेक त्याच्यासमोर चहा घेऊन बसली. कपातून वाफ येत होती. तिने चेहरा त्याच्याकडे नीट वळवला.

"बाबा, एक विचारू? रागावू नका."

"विचार."

"त्या दुपारी दवाखान्यात आई तुमच्याशी बोलत होती. मी बघत होते. बराच वेळ बोलली. मधे थांबली, पुन्हा बोलली." ती त्याच्या डोळ्यांत बघत होती. "एवढं सगळं उशीबद्दल?"

फिटरने कप उचलला. तिला सांगितलं तर ती काय म्हणेल, ते त्याला कळेना. कदाचित ती म्हणेल, बघा, तिलाही वाटत नव्हतं तुमची चूक आहे म्हणून. आणि जे अवघडलेपण घरात येऊन बसलंय ते उठून जाईल. कदाचित म्हणेल, म्हणजे तुमच्यामुळेच तिला कधी वाटलं नाही डॉक्टरकडे जावं. त्याच शब्दांतून दोन्ही निघत होतं. फिटरला स्वतःला जे ठरवता येत नव्हतं ते तिच्या हातात कसं द्यायचं?

"आधीची उशीही चांगलीच होती," तो म्हणाला. "पण तिला तुझ्या हातची हवी होती बहुतेक."

हे त्याने आपल्या पदरचं घातलं होतं. लेकीला ते कळलं की नाही, सांगता येत नाही. तिने मान हलवली, चहा संपवला आणि बॅग भरायला गेली.

सकाळी तो तिला बसपर्यंत सोडायला गेला. बस निघाली तेव्हा काचेच्या आतून ती काहीतरी म्हणाली, ओठ मोठे करून, सावकाश. "फोन करते. उचला." त्याने मान हलवली. फोनवर तिचं निम्मं त्याला ऐकू येत नाही, तरी तो उचलतो. बऱ्याचदा ती तेच विचारते, दुसऱ्या शब्दांत, आणि तो जेवणाबद्दल सांगतो.

आवाज कधी गेला ते त्याला अजून ठरवता आलेलं नाही. आणि ती दवाखान्यात काय म्हणाली, ते त्याने लेकीला अजून सांगितलेलं नाही.